मामाचा धक्का

मामाबद्दल मी इथे एकेरीत लिहिणार आहे. तोंडावर मी त्याला शेवटपर्यंत मामाजी आणि तुम्हीच म्हटलं, ते आईने लावलेलं वळण होतं. आता आई नाही, मामाही नाही, आणि माझं वय असं झालं आहे की उगाच कुणाला अहो-जाहो करत बसायचा कंटाळा येतो. आमच्या नात्यातल्या काही जणांना हे खटकेल. त्यांच्या दिवाणखान्यात अजून मामाचा फेटा बांधलेला फोटो आहे. त्यांनी हे प्रकरण सोडून पुढे जावं.

मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला दर्यापूरहून अमरावतीला मामाकडे ठेवलं. मुलीने कॉलेजात जावं हा त्यांचा हट्ट, आणि भावाच्या घरीच राहावं हा आईचा. मामाचा बंगला गाव संपून तलाव सुरू व्हायचा तिथे होता. मागच्या ओसरीच्या पायऱ्या उतरल्या की दहा-वीस पावलांवर पाणी. पहाटे पाणकोंबड्या ओरडायच्या, मग मामीच्या पाट्यावर लसूण-मिरची उतरायची, आणि त्या दोन्ही आवाजांवर मामाच्या खोलीतला रेडिओ सुरू व्हायचा. धामणगावला त्याच्या वडिलांनी उभारलेली कापसाची जिनिंग होती. तिच्या भोंग्याने डोकं उठतं म्हणून मामा अमरावतीत राहायचा आणि कारखाना मुनीम चालवायचा. मामाने स्वतः काय केलं असं विचाराल, तर तो वकिली शिकायला पुण्याला गेला होता. वकिली काही झाली नाही. तिकडून आणलं ते फक्त बोलणं.

त्या बोलण्याने घरात सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. मामी नांदगाव खंडेश्वरकडची. ती डोळ्याला डोया म्हणायची आणि 'मी सैपाक करून राहिलो' असं सरळ बोलायची, आमच्याकडच्या सगळ्या बायका बोलतात तसं. मामा जेवता जेवता घास थांबवून तिला सुधारायचा. "करून राहिलो नव्हे, करते आहे. तू बाई आहेस ना?" मामी मान हलवायची आणि पुढच्या वाक्याला पुन्हा तेच बोलायची. ती मुद्दाम करायची की सहज, हे मला कधीच कळलं नाही. मला मात्र कॉलेजातून आल्यावर कपडे बदलावे तशी भाषा बदलावी लागायची, कारण मामाच्या मते माझ्या तोंडून 'का'ऐवजी 'काहून' ऐकलं की त्याच्या कानात खडा गेल्यासारखं होई.

जेवणाचंही तेच. मामी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची. त्या धुराचा वास भरिताला लागायचा आणि सोबत कळण्याची भाकर, हिरवा ठेचा, कांद्याची पात. असं भरीत मी नंतर कुठेच खाल्लं नाही. मामाने टेबल आणलं होतं. त्या टेबलावर तो भाकरीचे तुकडे काट्याने टोचून खायचा. भाकर मोडायची, काटा बशीवर वाजायचा, आणि आम्ही समोर बसून ते पाहायचं. दुपारी पाहुणा नसला की हाच माणूस स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसायचा आणि पाचही बोटांनी भरीत चाटायचा. मला त्याच्या काट्याचा राग नव्हता. त्या दुपारच्या पाटाचाच राग यायचा.

एका उन्हाळ्यात मामा काश्मीरला गेला. तिथे नावेतल्या घरात चार रात्री राहिला आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. दिवाणखान्यात येईल त्याला तो शिकारा, दिवे, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब यांच्या गोष्टी सांगू लागला. अकोल्याचे दोन सरकीवाले व्यापारी एकदा तासभर ते ऐकत बसले, आणि फाटकातून बाहेर पडताना एकाने दुसऱ्याला विचारलेलं मी ऐकलं, की सौद्याचं काय ते यानं शेवटी सांगितलंच नाही. काही दिवसांनी मामाने जाहीर केलं की आपल्या तलावावर आपण तरंगती जेटी बांधणार. जेटी हा शब्द गावात कुणाला माहीत नव्हता. लोकांनी विचारून विचारून त्याचा धक्का केला, आणि तोच चालू राहिला.

जिनिंगमधून तेलाची रिकामी पिंपं आली. लोहाराने लोखंडी पट्ट्या ठोकून ती एकमेकांना जखडली, वर सागवानी फळ्या बसवल्या, किनाऱ्यावरून तिथवर जायला एक अरुंद लाकडी पूल केला. सगळं वाहून जाऊ नये म्हणून काठावरच्या खांबाला जाडजूड साखळीने बांधून टाकलं. एक नावही आणली. तिला पांढरा रंग दिला. वारा सुटला की पिंपांखाली पाणी डुबुक डुबुक करायचं. मला तो आवाज आवडायचा, हे खोटं कशाला सांगू. संध्याकाळी पुस्तक घेऊन मी त्या फळ्यांवर जाऊन बसे. तोवर त्या धक्क्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

बिघडलं ते विजेने. काश्मीरच्या नावेत दिवे होते, तेव्हा इथेही हवेत. मामाचा मुलगा प्रमोद माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षातून दोनदा परत आलेला. मामा त्याची ओळख करून देताना 'आमचे इंजिनियर' म्हणायचा आणि प्रमोदही ती ऐकताना मान खाली घालायचा नाही. विजेचं सगळं तोच करणार असं ठरलं. कंपनीला कळवायचं, परवानगी घ्यायची, त्यांचा माणूस येऊन तपासणार, या भानगडीत मामाला पडायचं नव्हतं. आपल्याच घरातली वीज आपल्याच पाण्यावर न्यायला कुणाला कशाला विचारायचं, असं तो म्हणाला.

प्रमोदने ओसरीच्या बटणापासून वायर काढली. घरात टेबललॅम्पला असते तसली, सुती वेष्टणाची, पिळाची वायर. ती कडुनिंबावरून, मग दोन बांबूंवरून धक्क्यापर्यंत आणली. धक्का पाण्यावर हलतो, वर-खाली होतो, तेव्हा वायरीला थोडी ढील द्यायला हवी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण ढिली वायर लोंबते आणि लोंबलेली वायर बावळट दिसते, म्हणून मामाने ती ताठ ओढून घ्यायला लावली. धक्क्यावर ती लोखंडी पट्टीच्या कडेवरून जाऊन चहूबाजूंनी फिरायची आणि तिच्यातून लाल, हिरवे, पिवळे दिवे लोंबायचे. सांधे काळ्या पट्टीने गुंडाळले होते. जमिनीत सोडायची तार, जी घरात प्रत्येक ठिकाणी असते, ती इथे नव्हतीच. मी विचारलं तेव्हा प्रमोद म्हणाला, "खाली सगळं पाणीच आहे. याहून जास्त अर्थिंग काय पाहिजे?" आणि मामा हसला. पोरगी चार दिवस कॉलेजात काय गेली, असंही काहीतरी म्हणाला.

दिवे पहिल्यांदा लागले तेव्हा आजूबाजूचे पन्नासेक लोक काठावर जमले होते. चांगलं दिसत होतं. पण आठ-पंधरा दिवसांत मामीने मला सांगितलं की ती संध्याकाळी काठावर हात धुवायला वाकली आणि साखळीला हात लागला तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मी दुसऱ्या दिवशी दिवे असताना पायरीवर उभी राहून साखळीला बोटाचं टोक लावून पाहिलं. हात झटकला गेला. वारा सुटून धक्का हले तसतशी ती ताठ वायर लोखंडी कडेवर करवतीसारखी घासत होती, आणि आता लोखंडात वीज उतरू लागली होती. आम्ही दोघींनी मामाला सांगितलं. मामीचं वय झालं, तिला वात आहे, असं तो म्हणाला. माझं वय झालेलं नव्हतं, म्हणून माझ्याबद्दल तो काहीच म्हणाला नाही.

तलावाच्या पलीकडे दौलत गवळी राहायचा. त्या बाजूच्या सगळ्या घरांना दूध त्याचंच. त्याच्या म्हशींतली एक रोज आमच्या काठाच्या चिखलात डुंबायला यायची. धक्का होण्याच्या कितीतरी आधीपासून यायची. एका ढगाळ दुपारी मामाने एका मित्राला दाखवायला दिवे लावले होते. म्हैस पाण्यातून पुढे आली आणि तिने मान साखळीला घासली. मी ओसरीत होते. तिने आवाजही केला नाही. पुढचे पाय दुमडले, शिंगं एका बाजूला झाली, आणि ती तशीच पाण्यात आडवी पडली. दौलत काठावरून धावत पाण्यात उतरणार, तेवढ्यात प्रमोदने ओसरीत जाऊन बटण बंद केलं. हे मी पाहिलं. त्याला कुणी बंद कर म्हणालं नव्हतं. तो आपण होऊन धावला, दौलतच्या आधी धावला, आणि दौलत वाचला तो त्यामुळेच. प्रमोदच्या बाजूने सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ आहे.

मामा काठावर गेला. त्याने म्हशीकडे पाहिलं, दौलतकडे पाहिलं, आणि साप चावला म्हणून सांगितलं.

दौलत गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याचा हात म्हशीच्या पाठीवर होता. तो म्हणाला, "मालक, मी तिच्याकडंच पाहून राहिलो होतो. साप कुठी होता?"

मामाने त्याला समजावून सांगितलं की पाणसाप दिसत नसतात. मग असंही सांगितलं की हा काठ आता खाजगी आहे, जनावरं दुसरीकडे न्यावीत. मित्र मान हलवत होता. चार माणसांनी दोर लावून म्हैस ओढून नेली. मामीने दौलतला ओसरीत बोलावलं, पाणी प्यायला दिलं. त्याने तांब्या हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मग तो तलावाला वळसा घालून गेला. नेहमी तो आमच्या आवारातून जायचा.

त्या रात्रीच्या जेवणाला मामीने मामाला एवढंच सांगितलं, की कंपनीचा माणूस बोलवा आणि ते तारेचं काम दाखवा. मामा म्हणाला, बायकांनी विजेत लक्ष घालायचं कारण नाही. प्रमोदने नवी काळी पट्टी आणली आणि जिथे वायर घासली होती तिथे गुंडाळली. वायर ताठच राहिली.

पुण्याचे पाहुणे आले ते याच्या दोन आठवड्यांनी. प्रमोदसाठी स्थळ होतं. मुलीचे वडील निवृत्त अधिकारी, आई, आणि स्वतः मुलगी, मंदाकिनी. मुलगी मुलाचं घर पाहायला येते हे आमच्याकडे नवलच होतं, पण पुण्याचं म्हटलं की मामाला सगळं मान्य. आदल्या दिवसापासून घरात मामीला बोलायची बंदी झाली. अगदी तसे शब्द नव्हते. थकली असशील, जास्त बोलू नकोस, मुलीच्या आईशी शकू बोलेल, असं मामाने तिला सांगितलं. शकू म्हणजे मी. जेवायला कटलेट आणि पुडिंग करायचं ठरलं. मामीने पुडिंग केलं, आणि कुणाला न विचारता पाटवड्यांचा रस्साही केला.

संध्याकाळी दिवे लावायच्या आधी मी ओसरीच्या कोपऱ्यात पेले पुसत होते. खांबाच्या पलीकडे मामा प्रमोदला हळू आवाजात सांगत होता. "लाकडावरच उभं राहायचं. लोखंडाला हात लावायचा नाही, साखळीकडे जायचं नाही. अर्धा तास. मग बंद कर." मी पेला खाली ठेवून सरळ मामीकडे गेले आणि ऐकलं ते तिला सांगितलं. मामी चुलीपुढे होती. तिने रश्श्यावर झाकण घातलं आणि पदराला हात पुसले.

दिवे लागले. पाण्यात लाल-हिरव्या रेघा हलू लागल्या. पाहुण्यांनी खरंच कौतुक केलं. मामा पुलाच्या तोंडाशी उभा राहून काश्मीर सांगत होता. मंदाकिनी धक्क्यावर गेली, चपला काढल्या आणि कडेला बसू लागली. बसताना आधाराला लोखंडी कड होती. पाय खाली पाण्यात सोडायचे, एवढंच तिच्या मनात होतं. तिचं काय चुकलं. पाणी दिसलं की कुणीही तेच करतं.

"पोरी, उठ तिथून. पाय वर घे. कायले हात लावू नको."

मामी ओसरीच्या पायऱ्या उतरून येत होती. ती ओरडली नव्हती, पण मुलगी ताडकन उठून फळ्यांच्या मधोमध उभी राहिली. मामाने हसून पाहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, की आमच्या मंडळींना पाण्याची जरा भीती आहे.

मामी त्याच्यासमोर येऊन थांबली. सगळ्यांसमोर, आपल्या बोलीत, ती म्हणाली, "दौलतची म्हैस सापानं मेली म्हनता ना तुमी? मंग पोरीच्या अगुदर तुमी पाय टाका पान्यात. साखयी धरा आन टाका."

मामा म्हणाला, ही काय वेळ आहे का.

"हेच वेळ हाये. टाका."

मुलीचे वडील मामाकडे पाहत होते. त्यांना म्हैस माहीत नव्हती, साप माहीत नव्हता, पण समोरच्या माणसाला अगदी सोपी गोष्ट करायला सांगितली आहे आणि तो ती करत नाही, एवढं त्यांना दिसत होतं. मामा पाण्याकडे पाहत राहिला. एकदा त्याने पायही उचलल्यासारखा केला. तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. आयुष्यभर कातडी पंपशू घालणारा मामा, रेशमी शेरवानीखाली, प्रमोदचे खेळायचे रबरी तळव्याचे बूट घालून उभा होता.

तोवर मी मामाला मूर्ख समजत होते. मूर्ख माणसाची कीव करता येते, घरात तो चालवूनही घेता येतो. बुटांकडे पाहताना मला कळलं की त्याला सगळं माहीत होतं. म्हैस कशाने मेली ते माहीत होतं, ती पट्टी टिकणार नाही ते माहीत होतं, आणि हे माहीत असताना त्याने स्वतःच्या पायांची तेवढी सोय करून एका परक्या मुलीला अनवाणी त्या लोखंडावर जाऊ दिलं होतं, कारण अर्धा तास ते छान दिसणार होतं. आज एवढी वर्षं झाली, मी शाळेत शिकवून निवृत्त झाले, बरीवाईट माणसं पाहिली. त्या बुटांइतकी किळस मला कशाचीच आली नाही.

अखेर प्रमोदनेच जाऊन बटण बंद केलं. अंधारात मंदाकिनीच्या आईने तिला हाताला धरून पुलावरून आणलं. मुलीच्या वडिलांनी मामीला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ही म्हशीची काय हकीकत आहे. मामीने सांगितली. पुण्याच्या त्या माणसाला तिची भाषा पहिल्यापासून शेवटपर्यंत कळली, एकदाही त्याने काय म्हणालात असं विचारलं नाही. ते जेवून मात्र गेले. कटलेट बशीत राहिले आणि रस्सा पुन्हा पुन्हा मागितला गेला. टेबलाच्या टोकाला मामा काट्याने पुडिंग उकरत होता. निघताना मंदाकिनी मला म्हणाली, "तुमच्या मामींना सांगा, मी पत्र पाठवीन." प्रमोदशी ती काहीच बोलली नाही. स्थळ अर्थातच मोडलं. ते लोक फार गर्विष्ठ होते म्हणून आपणच नकार कळवला, असं मामाने गावभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने गोठ्यातून आमची म्हैस सोडली. दुभती होती, घरातलं सगळं दूध तिचंच, नांदगावहून मामीच्या माहेरानेच दिलेली. दावं हातात धरून ती पुढच्या दारातून, मामा पेपर वाचत बसला होता त्या खुर्चीसमोरून निघाली. मी बरोबर होते. मामाने पेपर तोंडासमोरून काढला नाही. तलावाला वळसा घालून आम्ही दौलतच्या दारी गेलो. मामीने दावं त्याच्यापुढे धरलं आणि सांगितलं, की साप नव्हता, आमचीच वीज होती. दौलतने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने दावं घेतलं आणि म्हणाला, "बाई, हे तुमी आल्या सांगाले. मालकाले येऊ द्या न एक डाव." मामी म्हणाली, त्याचा भरवसा धरू नको.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातून मामाला ऐकू जाईल असं सांगितलं, की आता घरात दूध दौलतकडूनच येईल, आणि ते मागायला मालकांनी स्वतः जायचं. मामा गेला नाही. 'चुकलं' हा एक शब्द बोलायला तलावाला वळसा घालणं त्याच्याने झालं नाही. मी इंटर होऊन अकोल्याला शिकायला गेले तोवर त्या घरात बिनदुधाचा चहा होत होता. मामीला आणि मला त्याची लवकरच सवय झाली. मामाला कधीच झाली नाही. प्रत्येक घोटाला त्याचं तोंड कडू व्हायचं. पण बैठकीत कुणी पाहुणा कपात डोकावून पाहू लागला की तो कप उंच धरायचा आणि सांगायचा, की विलायतेत खानदानी माणसं चहात दूध घालतच नाहीत.